चंद्रबाईचं शहर

उझबेक भाषेत ‘आय खानुम’ म्हणजे चंद्रबाई. कुणाच्या तरी पणजीचं नाव वाटावं, पण हे एका मोडलेल्या ग्रीक शहराचं आजचं नाव आहे. अफगाणिस्तानच्या उत्तर टोकाला कोकचा नदी अमू दर्याला मिळते, त्या संगमावर सिकंदराच्या मागून आलेल्या ग्रीकांनी ते वसवलं. पल्याड आता ताजिकिस्तान. घरापासून इतक्या लांब आले, तरी नाट्यगृह हवंच, तालीमखाना हवाच! विटा मात्र तिथल्याच मातीच्या. इ. स. पूर्व १४५ च्या सुमारास सगळं उजाड झालं.

१९६१ साली राजा जहीर शाह तिकडं शिकारीला गेला, तेव्हा तिथले कोरीव दगड त्याच्या नजरेला पडले. मग फ्रेंच पथकानं १९७८ पर्यंत खोदकाम केलं. मुख्य देवळाची घडण तिथल्या मुलखाची, पण आत सापडलं ते ग्रीक घडणीचं संगमरवरी पाऊल. बाकीची मूर्ती बहुतेक लाकूड-मातीची, ती विरून गेली. पावलात चप्पल, चपलेच्या पट्ट्यावर वज्र, म्हणून तो झ्यूस असावा म्हणतात. देवळात चप्पल घातलेला देव! मला हसूच आलं. आपण वहाणा बस्तीबाहेर काढणारी माणसं. पण शिखरजीला टोकांवर आपण तरी काय बघतो? चरणच ना. त्या पावलाचा फोटो मी बराच वेळ बघत बसले.

पुढं तिथं युद्ध पेटलं आणि चोरांनी ती जमीन चाळणीसारखी खणून काढली. जवळच्या गावात कोरिंथियन खांबांचे कोरीव माथे चहाच्या दुकानाला लागले. ते वाचून अनेकांना राग येतो, मला नाही आला. आमच्या बेळगावच्या किल्ल्याच्या भिंतीत जुन्या देवळांचे दगड बसलेत, आणि त्याच किल्ल्यात कमल बस्तीही उभी आहे. त्या दगडांवरून हात फिरवत मी मोठी झाले. छप्पर पेलणारा दगड गावातच राहतो हो. माझा जीव जळतो तो रातोरात सीमेपार विकल्या गेलेल्या नाण्यांसाठी. नाणं कुठल्या थरात, कशाशेजारी होतं, हे एकदा गेलं की कुठलाही पंडित ते परत सांगू शकत नाही.

ते पाऊलही काबूलच्या संग्रहालयातून चोरीला गेलं होतं. जपानमध्ये काही कलाप्रेमींनी ते जपून ठेवलं, आणि दिवस बरे आल्यावर परत पाठवलं.