सवलत आणि शेजार

शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीनशॉप आहे. फौंड्र्यांकडून कास्टिंग येतं, आम्ही बोअरिंग, ड्रिलिंग, टॅपिंग करून परत धाडतो. दहा-बारा वर्षांपूर्वी कोल्हापूरचे बरेच फौंड्रीवाले कर्नाटकात जायच्या तयारीत होते. माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक जागा बघायला हुक्केरी तालुक्यात कणगल्याला निघालं, तेव्हा मीही गाडीत बसलो. ते गेले असते तर माझी निम्मी मशिनं बंद पडली असती.

ओढ होती ती तिथल्या स्वस्त विजेची. इंडक्शन भट्टीत टनभर लोखंड वितळवायला साधारण 600 युनिट जातात. युनिटमागे रुपयाचा फरक पडला, तरी टनामागे 600 रुपये वाचतात. फौंड्रीच्या मालकांनी बॉनेटवर वही ठेवून महिन्याच्या टनांचा हिशेब मांडला. पुणे-बेंगळुरू महामार्ग तिथंही हाताशीच.

येताना मी विचारलं, "मालक, त्यापरीस सेझमध्ये, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रात, का जात नाही? निर्यातीच्या नफ्यावर पाच वर्षं पूर्ण आयकर माफ, पुढची पाच वर्षं निम्मा."

"आपला माल जातो पुण्याला," ते म्हणाले. "सेझमधनं देशात विकायचं म्हणजे परदेशातनं आणल्यासारखी ड्युटी बसती. निर्यात करणाऱ्याचं गणित वेगळं."

त्याच काळात त्यांच्या अ‍ॅल्युमिनियम पॅटर्नचा, म्हणजे वाळूत साचा उठवायच्या नमुन्याचा, एक कान तुटला. दुसऱ्या दिवशी माल द्यायचा होता. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या पॅटर्नच्या मिस्त्रींनी रात्रीच वेल्डिंग केलं, कानस मारली, व्हर्नियर लावून माप बघितलं, पुन्हा दोनदा कानस फिरवली. सकाळी पॅटर्न मोल्डिंगला लागला. मालक तिथंच म्हणाले, "हे कणगल्याला कुठनं आणू?" ते गेले नाहीत.

सवलतीला मुदत असते. सेझची ती आयकरमाफी आता नव्या युनिटांना मिळत नाही. पॅटर्नवाला, कोअरवाला, मशीनशॉप हा शेजार मात्र कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या जमला आहे. तो आहे म्हणून कारखानदार कुठं जाणार, असं सरकारनं धरून चालू नये. शेजारच्या राज्याच्या तोडीस तोड दरानं वीज द्यावी, आणि पॅटर्नचं काम शिकणाऱ्या पोराला शिकतानाच घर चालेल एवढा पगार मिळेल, अशी सोय करावी. कारण मिस्त्रींच्या हाताखाली आज एकही पोरगा नाही.