मोतीने गिळलेला बाठा

मानकुराद आंबा खाऊन झाला की पडवीत बसून बाठा चोखणे, हे आमचे वैशाखातील नित्यकर्म. असाच चोखलेला एक बाठा गेल्या वैशाखात आम्ही सहज अंगणात भिरकावला. तो भुईला लागण्यापूर्वीच मोतीने झेलला, आणि आम्ही 'अरे, अरे' म्हणेतो गिळूनही टाकला. त्या वेळी आम्हांस हसू आले, हे आज कबूल करताना लाज वाटते.

वैद्यांची वानवा कोणत्याच घरी नसते. शेजारच्या माई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "ताका मिठाचें उदक दियात." सौभाग्यवतींनी एरंडेलाची बाटली काढली. कोणी म्हणाले, कुत्र्याच्या पोटात हाडेसुद्धा विरघळतात, बाठ्याचे काय घेऊन बसलात! हे शेवटचे मत सर्वांत सोयीचे होते. म्हणून आम्ही तेच मानले.

दोन दिवस मोती हिंडला, फिरला. तिसऱ्या दिवशी तो अन्नाला शिवेना, प्यालेले पाणीही ओकू लागला, पोटाला हात लावू देईना. तेव्हा कुठे आम्ही त्याला शहरात पशुवैद्यांकडे नेले.

"गिळला त्याच दिवशी आणायचा होता," डॉक्टर म्हणाले. "बाठ्याचे कवच पचत नाही. जठरात तो राहू शकतो. पण आतड्यात अडकला की तेथला रक्तप्रवाह खुंटतो आणि आतडे मरू लागते."

मिठाच्या पाण्याचे नाव काढताच त्यांनी हात जोडले. फार मीठ पोटात गेले तर कुत्र्याला झटके येऊन तो दगावूही शकतो. मुद्दाम ओकवावे, तर कठीण वस्तू अन्ननलिकेत अडकण्याची भीती. वाट बंद असताना एरंडेल देणेही घातकच. सोनोग्राफीत बाठा दिसला, आणि त्याच दुपारी शस्त्रक्रिया झाली.

बाहेरच्या बाकावर ते दोन तास आम्ही कसे काढले, ते आमचे आम्हांसच ठाऊक. मुक्या जिवाला आपले दुखणे सांगता येत नाही; त्याने दोन दिवस सांगितले नाही, म्हणून आम्ही ते नाहीच असे धरून चाललो होतो.

मोती वाचला. आता आमच्या घरी बाठे झाकणाच्या बादलीत जातात. आंबा कापावयास घेतला की मोती मात्र पूर्वीच्याच विश्वासाने समोर येऊन बसतो, आणि त्याच्या डोळ्यांकडे पाहणे आम्हांस जड जाते.