आधी मासा, मग घोडा

आम्ही पेशाने शिक्षक, उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. दारात उभी असते ती दुचाकी. चारचाकी अजून आलेली नाही आणि इतक्यात येईल अशी चिन्हेही नाहीत. तरीही साठ वर्षांपूर्वीच्या अमेरिकन मोटारींचे आम्हाला वेड आहे. बी.एड.च्या दिवसांत रद्दीच्या दुकानात जुनी इंग्रजी मोटार-मासिके किलोवर मिळत. तिथून हे वेड घरात आले ते आजतागायत गेलेले नाही.

त्यातही आमचा जीव जडला तो ‘पोनी कार’ नावाच्या जातीवर. पोनी म्हणजे तट्टू. लांब बॉनेट, आखूड डिकी, आत जेमतेम चार माणसांची जागा आणि किंमत बेताची. युक्ती साधी होती. घरगुती वापराच्या लहान गाडीचा सांगाडा घ्यायचा आणि त्यावर तरुणांना भुरळ पडेल असा पेहराव चढवायचा. फोर्डने फाल्कन या साध्या गाडीवरून मस्टँग घडवली आणि १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांपुढे आणली. किंमत २,३६८ डॉलरपासून पुढे. पहिल्या बारा महिन्यांत चार लाखांहून अधिक गाड्या खपल्या. मस्टँग म्हणजे रानात मोकळा फिरणारा घोडा. त्या घोड्यावरूनच साऱ्या जातीला ‘पोनी कार’ हे नाव पडले.

पण १७ एप्रिलच्या सोळा दिवस आधी, १ एप्रिलला, प्लिमथ कंपनीची बॅराकुडा बाजारात आली होती. बॅराकुडा हा समुद्रातला एक शिकारी मासा. हा किस्सा आम्ही एकदा वर्गात सांगितला, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, पहले मच्छी आयी ना? फिर नाम घोड़े का कायकू?”

वर्ग हसला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

बॅराकुडाची मागची काच चौदा चौरस फुटांहून मोठी होती. कारखान्यातून सरसकट निघणाऱ्या गाडीला तोवर एवढी काच कुणी बसवली नव्हती. मागचे आसन आडवे केले की डिकीपर्यंत सलग सपाट जागा मिळे. पण पुढून पाहिले तर चेहरा जुन्या व्हॅलियंटचाच. पैसे वाचवायला कंपनीने तो फारसा बदलला नव्हता. लोकांनी पुढून पाहिले आणि ओळखीची गाडी समजून पुढे गेले.

दुसरी आमची आवडती जॅव्हेलिन. विस्कॉन्सिन राज्यातल्या केनोशा गावी कारखाना असलेल्या अमेरिकन मोटर्सने ती १९६८ चे मॉडेल म्हणून आणली. तीन बड्या कंपन्यांपुढे ही कंपनी लहान, हात नेहमी आखडलेला. तरी रिचर्ड टीग यांच्या हाताखाली तिचा घाट असा उतरला की अंगावर एक रेघ जास्त नाही. दाराच्या मुठीसुद्धा पत्र्यात बसवलेल्या. तिने १९७१ आणि १९७२ साली ट्रान्स-ॲम शर्यतींचे अजिंक्यपद मिळवले. अलाबामाच्या महामार्ग पोलिसांनी त्याच सुमारास शंभराहून अधिक जॅव्हेलिन गस्तीसाठी घेतल्या.

तिसरी मर्क्युरीची कूगर, १९६७ ची. नात्याने मस्टँगचीच बहीण, पण चाकांमधले अंतर तीन इंच जास्त. तिच्या मागे दोन्ही बाजूंना तीन-तीन दिवे. वळताना ते आतून बाहेर एकामागून एक पेटत. तेव्हा कुठला संगणक? डिकीत बसवलेली एक लहानशी विजेची मोटर चकत्या फिरवून हे काम करी. आज नव्या गाड्यांत तसेच पळते दिवे दिसतात, तेव्हा आम्हाला कूगर आठवते.

ही गाडी कुणासाठी होती, हेही पाहण्यासारखे आहे. मस्टँग बाजारात येण्याच्या दोन दिवस आधीच तिची पहिली विक्री झाली. घेणारी होती शिकागोची बावीस वर्षांची शाळामास्तरीण, आणि पैसे आईवडिलांकडून उसने. हे वाचले तेव्हा आम्हाला फार बरे वाटले. ही श्रीमंतांच्या बंगल्यातली चैन नव्हती. नोकरदारालाही देखणी वस्तू हवीशी वाटते, हे कुणीतरी ओळखले होते.

पुढे दिवस फिरले. जोरदार इंजिनांचा विमा महागला, धुराचे कायदे कडक झाले आणि १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखले. १९७४ साली बॅराकुडा आणि जॅव्हेलिन दोन्ही बंद झाल्या. कूगरचे नाव टिकले, पण ते मोठ्या, जड गाडीला चिकटवले गेले.

मग घरेही बुडाली. अमेरिकन मोटर्स १९८७ मध्ये क्रायस्लरने विकत घेतली, प्लिमथ २००१ मध्ये मिटली, मर्क्युरी २०११ मध्ये. मस्टँगचे घर मात्र उभे आहे. वाढदिवस साजरे करायला, जाहिराती द्यायला वारस आहेत. १९७१ ची एक उघड्या टपाची हेमी कूडा २०१४ साली लिलावात पस्तीस लाख डॉलरना गेली, हे खरे. पण ती दुर्मीळ इंजिनाची बॅराकुडा. १९६४ ची मोठ्या काचेची थोरली बहीण अजून उपेक्षितच आहे.

त्या मुलाला आम्ही हेच सांगितले. बेटा, आधी येणे पुरत नाही, गुण असणेही पुरत नाही. मागे नाव घेणारे कुणीतरी लागते. निकालानंतर शाळेच्या फळ्यावर पहिल्या तिघांची नावे लागतात आणि ती लागायलाच हवीत. पण चौथ्या मुलाचे अक्षर मोत्यासारखे होते, सातवीतली मुलगी बंद पडलेले घड्याळ उघडून चालू करी, हे फळ्यावर येत नाही. पुष्कळदा घरीही ते सांगणारे कुणी नसते. ते शिक्षकाने लक्षात ठेवायचे असते.

अमेरिकेत आजही काही माणसे शनिवार-रविवारी गॅरेजमध्ये जॅव्हेलिनचा गंज खरवडत बसतात. मस्टँगचे नवे सुटे भाग सहज मिळतात, यांना मात्र एकेका पट्टीसाठी भंगारखाने पालथे घालावे लागतात. कंपनी राहिली नाही, म्हणून ते काम त्यांनी आपल्या अंगावर घेतले आहे. आमच्याकडे गाडी नाही, गॅरेज नाही. वर्ग आहे, आणि हजेरीपटावर त्रेसष्ट नावे आहेत.