वाळूची कैफियत

मालवणकडच्या खाडीच्या मुखाशी ओहोटीच्या वेळी वाळू हाताने उकरली, की थोड्याच खोलीवर तिचा उजळपणा संपून काळा थर लागे आणि नासक्या अंड्याचा दर्प येई. वडीलधारी मंडळी ती घाण म्हणून लगेच हात धुवायला लावीत. मला मात्र स्वच्छ पृष्ठाखाली असे निराळे जग नांदत असावे याचे विलक्षण कुतूहल वाटे. प्राणवायू पोहोचत नाही तेथील जीवाणू समुद्रजलातील सल्फेटावर निर्वाह करतात, त्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड लोहाशी संयोग पावतो आणि वाळू काळी पडते, हे पुढे मुंबईस विद्यार्थिदशेत कळले. १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयात त्या काळी माझे वारंवार जाणे होई, आणि इतर प्रेक्षक रंगीत माशांपुढे रेंगाळत असता माझी दृष्टी तळाच्या वाळूवर खिळलेली असे.

नोकरीनिमित्त सॅन डिएगोस वास्तव्य झाले, तेव्हा प्रवाळांची टाकी घरी बाळगण्याची जुनी इच्छा फळास आली. (भारतात प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, आणि ते योग्यच आहे.) बहामाकडील शुभ्र अरॅगोनाइट वाळू मी तळाशी अंथरली, पण शुभ्रता हा वाळूचा स्थायिभाव नव्हे. प्रथम तपकिरी पूड चढली. ते डायटम, पाण्यातील सिलिकेट सरले, की बहुधा तेही आपोआप ओसरतात. त्यानंतर, जेथे प्रवाह मंद होता आणि अन्नाचे कण साचत होते तेथे, जांभळट-लाल चादर पसरली. ते सायनोबॅक्टेरिया. सुमारे दोनशे चाळीस कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या वातावरणात प्राणवायू साठू लागला तो ज्यांच्या पूर्वजांमुळे, त्यांच्याकडे केवळ उपद्रव म्हणून पाहणे मला कधीच जमले नाही. त्यांच्यावर एरिथ्रोमायसिनचा मारा करण्याचा प्रघात आहे; त्याने चादर विरते, परंतु तिला पोसणाऱ्या फॉस्फेटाची बाकी जशीच्या तशी राहते, आणि वाळूतील उपकारक जीवाणूंनाही इजा होण्याचा धोका असतो.

सर्वांत कठीण प्रकरण डायनोफ्लॅजेलेटांचे. दिवसा बुडबुडे अडकलेले तपकिरी, चिकट तंतू आणि रात्री पुष्कळसे अंतर्धान, असे त्यांचे वर्तन. आणि नायट्रेट व फॉस्फेट जवळजवळ शून्यावर आणलेल्या, अतिस्वच्छ टाकीतच ते बहुधा माजतात. सायनोबॅक्टेरियांचे अन्न तोडावे लागते, येथे मात्र ते थोडे वाढवावे लागते. म्हणून नुसत्या रंगावरून उपाय ठरविणे घातक होय. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेला एक थेंब हा वाद तत्काळ मिटवतो : डायटमांची सिलिकेची कवचे, सायनोबॅक्टेरियांच्या माळा आणि डायनोफ्लॅजेलेटांचे गिरक्या घेत पोहणे यांत गफलत होण्यास फारशी जागा नाही.

तलाठ्याच्या दप्तरात गावाची हकीकत नोंदलेली असावी, तशी टाकीतील पाण्याची सारी हकीकत वाळूवर उतरते, अशी माझी धारणा आहे. काचेलगत खोलवर दिसणारा काळा पट्टाही त्याच हकीकतीचा भाग. प्राणवायूविरहित अशा खालच्या थरांतले जीवाणू नायट्रेटाचे निरुपद्रवी नायट्रोजन वायूत रूपांतर करतात, आणि मोनाकोत झाँ झोबेर यांनी टाकी राखण्याच्या आपल्या पद्धतीचा पाया याच क्रियेवर रचला. असा जुना, खोल थर एकाएकी ढवळला तर विषारी सल्फाइड पाण्यात मोकळा होऊन मासे दगावू शकतात.

ज्यांच्या टाकीतील वाळू रंग पालटू लागली असेल, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे : औषधाची बाटली उघडण्यापूर्वी नायट्रेट आणि फॉस्फेट मोजा, प्रवाहाची दिशा पाहा, आणि तळाचा काळा थर असेल तेथेच राहू द्या.