दगडफूल आणि सॉसेज

परवा एका मित्रानं विचारलं, "अरे, तुझ्या त्या मावळी सॉसेजचं पुढे काय झालं?" एका वाक्यात सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहून टाकतो.

वेल्हे तालुक्यात (आता राजगड तालुका म्हणायचं) केळदच्या बाजूला माझं आजोळ. मामी मटणाचं कालवण करताना सगळ्यात आधी तापल्या तेलात दगडफूल टाकते. ते काळं, कुरकुरीत झालं की घरभर असा वास सुटतो, भिजल्या लाकडानं नुकताच जाळ धरल्यासारखा... मग बाकीचे खडे मसाले, भाजलेलं खोबरं, कांदा. हे दगडफूल तिनं स्वतः हिरड्याच्या खोडावरून काढलेलं. नावात फूल असलं तरी ते फूल नव्हे, धड वनस्पतीही नव्हे; बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. असो.

तर भोरला छोटं युनिट टाकून चिकन सॉसेज करायचे आणि त्यात ही आपल्या डोंगरातली चव आणायची, असं माझ्या डोक्यात बसलं. गोव्याच्या लोकांनी पोर्तुगीजांचं चोरीस माडीचं व्हिनेगर, लाल मिरची, लसूण घालून आपलंसं केलं, मग आपण का नाही?

पहिली खेप फसली. मी दगडफुलाची पूड सरळ खिम्यात घातली होती. आता सॉसेजचं गणित असं, की मांस आणि चरबी एकजीव करताना मिश्रण साधारण १२ अंशांच्या वर तापलं तर चरबी सुटते, म्हणून पाण्याऐवजी बर्फ घालतात. नंतर वाफेवर शिजवायचं, आतलं तापमान ७२ अंशांच्या आसपास गेलं की झालं. म्हणजे दगडफुलाला कडकडीत तेल कुठे भेटतच नाही! बायको म्हणाली, "पाटीवरची पेन्सिल खाल्ल्यासारखं लागतंय."

मग मामीचीच रीत धरली. दगडफूल तेलात परतलं, तेल गाळून फ्रीजमध्ये गार केलं आणि थोडी चरबी कमी करून तिच्या जागी ते घातलं. जमलं! पहिला घास घेतला आणि थेट मामीच्या चुलीपुढे जाऊन बसलो.

हिशोब मांडला, महिन्याला चार किलो दगडफूल लागणार. मामीला सांगायला मुद्दाम केळदला गेलो. ती आधी हसली. "चार किलो? आरं, मला वरीसभर पसाभर पुरतं." मग मला घरामागच्या हिरड्यापाशी घेऊन गेली. खोडावर हातभर जागा उघडी होती, कडेला नखाएवढे राखाडी ठिपके.

"तुझ्या लग्नाच्या जागरणाला बोकड पाडला, तवा इथलं काढलेलं."

माझ्या लग्नाला १४ वर्षं झाली.

बाजारात दगडफूल मिळतं की, पुष्कळसं उत्तराखंडातून येतं. ते घालून पाकिटावर 'मावळी' छापायचं? दोन आठवडे मनाची समजूत घालून पाहिली, पटेना.

निघताना मामीनं फडक्यात पुरचुंडी बांधून दिली होती, "घरच्यापुरतं" म्हणून. ते गेल्या रविवारी मटणात घातलं. सॉसेजचं मशीन भोरला प्लास्टिक घालून झाकून ठेवलंय. कुणाला हवं असेल तर कळवा.