अर्ध्या गुणाची किंमत

मुलांनो, परीक्षेत अर्धा गुण कमी पडला तर तुम्ही पेपर घेऊन बाईंच्या टेबलाशी धावता की नाही? बुद्धिबळात तशी सोय नाही, बरं का! तिथे अर्धा गुण पटावरच मिळवावा लागतो.

आमच्या कुळगावात जूनचा पाऊस लागला की मैदानात चिखल होतो आणि मुलं जिन्याखाली पट मांडतात. तिथे एक वाक्य हमखास ऐकू येतं, "चल, बरोबरी!" गंमत म्हणजे बहुतेकदा ते पुढे असलेलाच म्हणतो. हाताशी आलेला डाव निसटेल, ही भीती. अशा वेळी मी त्यांना नागपूरच्या दिव्या देशमुखची गोष्ट सांगतो.

जून २०२४ मध्ये गांधीनगरला वीस वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा झाली. फेऱ्या ११. विजयाला एक गुण, बरोबरीला अर्धा. दहा फेऱ्यांनंतर १८ वर्षांच्या दिव्याचे ९ गुण होते. शेवटच्या डावात समोर होती बल्गेरियाची बेलोस्लावा क्रास्तेवा.

"मग काका, बरोबरी घेतली तरी चाललं असतं ना?" एका चिमुरडीने विचारलं.

"कागद-पेन्सिल आण," मी म्हटलं. स्पर्धेत दुसरी आली आर्मेनियाची मरियम मकर्चयान. तिचे गुण साडेनऊ. दिव्याने बरोबरी केली असती तर तिचेही साडेनऊच! मग विजेती टायब्रेकच्या हिशोबाने ठरली असती. २००९ साली अर्जेंटिनात पुण्याची सौम्या स्वामिनाथन अशाच हिशोबात सरस ठरून हीच स्पर्धा जिंकली होती. पण तो हिशोब दर वेळी आपल्याच बाजूने लागेल, असं थोडंच आहे?

दिव्याने तो डाव जिंकला. १० गुण, एकही हार नाही! पुढच्याच वर्षी, जुलै २०२५ मध्ये, कोनेरू हम्पीला हरवून तिने महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली.

चिमुरडी मात्र अडून बसली. "पण जिंकायला जाऊन हरली असती तर?"

प्रश्न खरा होता. हरली असती तर ९ वरच राहिली असती आणि मरियम पहिली आली असती. म्हणूनच जिंकायला खेळणं म्हणजे डोळे मिटून वजीर पुढे दामटणं नव्हे. शेजारच्या पटाकडे न बघता आपल्या पटावरची उत्तम खेळी शोधायची. एवढं करूनही डाव बरोबरीत सुटला, तर ती खुशाल घ्यावी. भीतीपोटी मात्र मागू नये.