आईचं तेल आणि माझी चाई

2016 सालची गोष्ट. चवथीच्या आधीचा रविवार होता. मी माहेरी गेले होते आणि नेहमीप्रमाणे मागच्या पडवीत पायरीवर बसले होते. आई माझ्यामागे बाकावर, हाताशी कोमट तेलाची वाटी. माझं वय तेव्हा त्रेचाळीस, पण माहेरी गेल्यावर आईकडून डोक्याला तेल घालून घ्यायचं हा नेम काही मोडला नव्हता. टाळूवर तेल जिरवता जिरवता आईचा हात एकाएकी थांबला.

"अगो, हांगा केंस नात गो तुका!"

उजव्या कानाच्या मागे, वरच्या केसांनी झाकलेला, रुपयाच्या नाण्याएवढा गुळगुळीत डाग होता. खाज नाही, दुखणं नाही. मी रोज केस विंचरत होते, पण मला त्याचा पत्ताच नव्हता.

चाई! लहानपणी आमच्या वाड्यावर एका मुलाला झाली होती. कसला तरी किडा केस खातो असं सगळे म्हणायचे आणि त्याच्या शेजारी बसायला आम्ही घाबरायचो. आता तीच माझ्या डोक्यावर. घरात माटोळीची गडबड, करंज्या-नेवऱ्यांचा वास, पाहुण्यांची ये-जा; आणि मी आपली आरशासमोर केस मागेपुढे करून बघतेय, कोणाला दिसत तर नाही ना! चवथीच्या दिवशी अंबाडा सैल आणि खाली बांधला, त्यावर आबोलीचा वळेसर माळला. "आज काय विशेष?" असं नवऱ्याने विचारलं. मी त्यालाही सांगितलं नव्हतं.

मग सल्ले सुरू झाले. शेजारणीने कांद्याचा रस चोळायला सांगितलं. आईने माका, जास्वंदीची फुलं, कढीपत्ता आणि मेथीचे दाणे घालून खोबरेल कढवलं. माझी भाची कॉलेजात शिकणारी, तिने इंटरनेटवर शोधून सांगितलं, "मावशी, हे सगळं जुनं झालं. इसेन्शियल ऑइल वापर. रोजमेरी, लॅव्हेंडर." हणजुणेच्या बुधवारच्या बाजारातून ती स्वतःच दोन इवल्याशा बाटल्या घेऊन आली.

मी पणजीच्या एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी पहिल्यांदा किडा काढून टाकला, म्हणजे डोक्यातला गैरसमज! चाई हा किडा नव्हे आणि ती एकापासून दुसऱ्याला लागतही नाही. आपल्याच शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून केसांच्या मुळांवर हल्ला करते. मूळ मरत नाही, नुसतं गप्प बसतं. म्हणून डाग लहान असेल तर पुष्कळदा वर्षभरात केस आपोआप परत येतात. त्यांनी डागात बारीक सुईने स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली. मी भीत भीत तेलांचं विचारलं. मला वाटलं होतं ते हसतील. पण ते म्हणाले, "चाईवर तेलांचा एक चांगला अभ्यास झालेला आहे, वाचा."

तो अभ्यास स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनचा, 1998 मध्ये प्रसिद्ध झालेला. चाईच्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाने थाइम (आपल्या ओव्याच्या वासाच्या जवळची एक वनस्पती), रोजमेरी, लॅव्हेंडर आणि सीडर यांची तेलं जोजोबा आणि द्राक्षबियांच्या तेलात मिसळून रोज रात्री टाळूवर चोळली. दुसऱ्या गटाने तसंच चोळलं, पण नुसतं साधं तेल. सात महिन्यांनी पहिल्या गटातल्या 43 पैकी 19 जणांना सुधारणा दिसली. दुसऱ्या गटातल्या 41 पैकी 6 जणांना.

मला या दोन आकड्यांपैकी दुसरा जास्त शिकवून गेला. नुसतं साधं तेल लावूनही सहा जणांचे केस आले! त्यातला कोणीही उद्या शपथेवर सांगेल, "मी द्राक्षबियांचं तेल लावलं आणि केस आले." आणि तो खोटं बोलत नसेल. पहिल्या गटातल्याही निम्म्याहून जास्त लोकांना गुण आला नाही, हेही विसरून चालणार नाही.

टक्कल पडण्याचं नेहमीचं कारण, म्हणजे आनुवंशिक, त्याबद्दल 2015 मध्ये इराणमधला एक अभ्यास आला. शंभर जणांपैकी निम्म्यांना रोजमेरी, निम्म्यांना दोन टक्के मिनॉक्सिडिल. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत केस थोडे वाढलेले आणि फारसा फरक नाही. "रोजमेरी म्हणजे औषधाइतकीच गुणकारी" ही जाहिरात यातूनच निघाली. पण त्यात काहीच न लावणारा तिसरा गट नव्हता आणि तीन महिन्यांपर्यंत तर कोणत्याच गटात वाढ दिसली नव्हती. कोंड्यासाठी टी ट्री तेलाचा पुरावा जरा बरा आहे. ऑस्ट्रेलियात 2002 मध्ये पाच टक्के टी ट्री असलेल्या शाम्पूने चार आठवड्यांत कोंडा 41 टक्के कमी झाला, साध्या शाम्पूने 11 टक्के. पण तो शाम्पू होता, धुऊन टाकायचा. उलट कोंड्यावर आपण खोबरेल थापून ठेवतो तेव्हा कोंडा वाढवणाऱ्या बुरशीला खाऊच मिळतो, कारण ती तेलावरच जगते.

'इसेन्शियल' या शब्दाने माझीही फसगत झाली होती. मला वाटायचं, इसेन्शियल म्हणजे अत्यावश्यक. तो शब्द 'इसेन्स'वरून आला आहे. वनस्पती वाफेवर ठेवून काढलेला तिचा वास, म्हणजे अर्क. आईचं माक्याचं तेल हा वेगळा प्रकार. ते मुळात खोबरेलच, त्यात पाल्याचा गुण उतरवलेला. ते ओंजळभर घेतलं तरी चालतं. अर्काचं तसं नाही. ॲबरडीनच्या मिश्रणात साधारण 23 मिलिलिटर साध्या तेलात चारही अर्कांचे मिळून दहाच थेंब होते.

हे मला वेळेवर कळलं, भाचीला नाही. तिला डेंग्यू होऊन गेल्यावर अडीच-तीन महिन्यांनी केस मुठीमुठीने गळायला लागले. तिने रोजमेरीची बाटली तशीच, काही न मिसळता, आठवडाभर टाळूवर चोळली. टाळू लाल झाली, आग आग, मग खपल्या. डॉक्टरांनी आधी तेल बंद करायला लावलं. केस गळण्याचं कारण ताप होता. मोठ्या तापानंतर, बाळंतपणानंतर असं होतं आणि बहुतेकदा काही महिन्यांत आपोआप थांबतं. तिचेही केस परत आले. ती भाजून घेतली नसती तरी आले असते!

माझं काय झालं? मी इंजेक्शनं घेतली आणि रोज रात्री खोबरेलात मोजून थेंब घालून तेलही लावलं. काही आठवड्यांनी डागावर पांढरी लव दिसली. दिवाळीतल्या अभ्यंगस्नानाच्या वेळी आईने बोट लावून बघितलं आणि म्हणाली, "आयलेशे दिसतात." पुढच्या वर्षी चवथीला केस काळे आणि इतरांसारखे झाले होते. आई म्हणते माका. भाची म्हणते लॅव्हेंडर. डॉक्टर म्हणतील इंजेक्शन. खरं म्हणजे चौथा एक दावेदार आहे, काळ. आणि तो कधी बोलत नाही. एका डोक्यावरून हा निकाल लागत नाही, म्हणून तर दोन गट करावे लागतात.

तेव्हा कोणी मला विचारलं तर मी सांगते: चाईला अर्कांची तेलं लावून बघायला हरकत नाही, पण मोजून, पातळ करून, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट बघून. लहान मुलांच्या डोक्याला अर्कही नको आणि कापूरही नको. आणि डॉक्टरांकडे जाणं तेलासाठी थांबवू नका.

पण आईच्या तेलाने एक गोष्ट निश्चित केली आणि ती कोणत्याही बाटलीतून मिळाली नसती. तेल घालायला बसली म्हणून तिची बोटं तिथवर पोहोचली. आपल्या डोक्याची मागची बाजू आपल्याला कधीच दिसत नाही, ती दुसऱ्यालाच दिसते.

आता आईला फार वेळ बसवत नाही आणि तिच्या हातांना कंप आहे. रविवारी मी तिच्या डोक्याला तेल घालते. केस अगदी विरळ झालेत, तेल चमचाभर पुरतं. भांग पाडून कानांच्या मागे नीट बघते. ती कुरकुरते, "कितें सोदता गो?"

"कांय ना गे आई," मी म्हणते, आणि दुसऱ्या बाजूचा भांग पाडते.